चार शीट भरल्याशिवाय

दिवाळीच्या आधी दुकान झाडायला काढलं आणि वरच्या फळीवरून मापांच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा खाली आला. रंगनाथ शिंपी पंचवीस वर्षं बेलापुरात कपडे शिवतोय, त्यामुळं गावातल्या अर्ध्याअधिक माणसांच्या छात्या-कंबरा त्या वह्यांत आहेत. कित्येकांच्या कंबरा पुढं सुटल्या, कित्येक जण गेले, पण वहीत सगळे अजून आपापल्या जुन्या मापाचेच आहेत. दिपाली खाली बसून एकेक वही फडक्यानं पुसत होती. ही पोरगी वर्षभर झालं त्याच्याकडं शिवण शिकते. हाताला चांगली आहे आणि तोंडाला त्याहून चांगली.

"काका," एका पानाशी थांबून ती म्हणाली, "ह्या मास्तरीणबाई कोन हुत्या?"

"का गं?"

"मान सव्वीस, पोट अठ्ठावन्न. आनि एवढ्या बाईला काय शिवलं ते लिव्हलंच न्हाई तुमी."

आतल्या खोलीत चहा गाळणारी सविता, म्हणजे रंगनाथची बायको, हसता हसता ओट्याला टेकली. "सांगा की आता," ती आतूनच म्हणाली. "त्या बाईपायी मला विसरला हुता तुमी, ते पन सांगा."

रंगनाथनं वही हातात घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला. पेन्सिलीचं अक्षर फिकं झालं होतं. पानाचा कोपरा मात्र गोल तुटलेला होता, आणि तो कशानं तुटला हे त्याला नीट आठवत होतं. मास्तरणीनं माप देता देता वहीच चावली होती.

"खोगीर शिवलं हुतं," तो म्हणाला. "घोडी हुती ती."

चहा आला. दुकान झाडायचं काम तिथंच राहिलं.

अठरा वर्षांपूर्वी बेलापूर-श्रीरामपूर रस्त्यावर शेवटचा टांगा उरला होता तो लालमहंमदचाचांचा. त्या टांग्याला अकरा वर्षं जुंपलेली ही घोडी. अंगानं बुटकी, रंगानं गुळाच्या ढेपेसारखी, कपाळावर बोटभर पांढरा टिपका. दहाच्या फेरीला रोज तीन शाळामास्तरणी तिच्या टांग्यात बसायच्या आणि शाळेची घंटा व्हायच्या आत ती त्यांना दारात नेऊन उभी करायची. उशीर तिला खपायचा नाही. रस्त्यात कुणी बैलगाडी आडवी घातली तर थांबून अशी बघायची की गाडीवानच ओशाळायचा. म्हणून तिचं नाव मास्तरीण पडलं. स्वभावानंही ती नावाला जागणारी होती. नवख्या माणसानं पाठीवर हात ठेवला की चावायची, आणि चावून झाल्यावर त्याचंच काहीतरी चुकलं असावं असा चेहरा करायची.

रंगनाथ त्या फेरीचा चौथा शीट. आधी शिवण शिकायला, मग दोरे-बटणं आणायला तो रोज श्रीरामपूरला जायचा आणि पुढच्या फळीवर चाचांच्या शेजारी बसायचा. रस्ता मोकळा असला की चाचा लगाम त्याच्या हातात द्यायचे. त्याचं लग्न झालं, दुकान झालं, पण लगामाचं वेड काही गेलं नाही. शिंप्याचा धंदाच तसा. दिवसभर पाय चालवायचे आणि जागचं हलायचं नाही. यात्रेच्या शर्यतीत घोडी पळताना बघितली की याचे पाय आपोआप हलायला लागायचे, जणू खाली मशीनच आहे.

मग सहा आसनी रिक्षा आल्या. चाचांचा पुतण्या सलमान यानंच पहिली घेतली. चाचांनी एक दिवस टांग्याची चाकं काढून भिंतीला टेकवली आणि मास्तरणीला घेऊन रंगनाथच्या दुकानासमोर येऊन उभे राहिले. तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की घरातून निघून जायचे.

"ही तुला," ते म्हणाले. "बदल्यात मला दोन पायजमे शिवून दे. नाडीचे."

"चाचा, असं कसं?"

"वीटभट्टीवाला मागत हुता. वरातीवाला बी मागत हुता. मी न्हाई म्हनलं." त्यांनी मास्तरणीच्या मानेवरून हात फिरवला. "अकरा वर्सं हिनं मागं गाडी ओढली, रंगा. मागं काईच नसताना कशी पळती, ते मी कदी बगितलंच न्हाई. डोळे हायेत तवर एकदा दाव मला. बास."

असं म्हणून ते भिंतीच्या आधारानं घराकडं गेले. रंगनाथनं मास्तरणीला दुकानाच्या खांबाला बांधलं. एवढ्या वर्षांत चाचांनी त्याच्याकडं काही मागितलेलं त्याला आठवत नव्हतं. त्यानं त्याच दिवशी मापाची वही काढली, मास्तरीण वही चावली, आणि खोगिराचं कापड बेतायला लागला.

पहिलं खोगीर तिनं फाडलं. दुसरं जमिनीवर लोळून उसवलं. तिसरं मंडपाच्या जाड कापडाचं, आत काथ्या भरून, चारपदरी शिवणीचं केलं, तेव्हा तिनं ते हुंगलं आणि नाइलाज झाल्यासारखी उभी राहिली. सविता तेव्हा नुकती नांदायला आलेली. तिच्या दोन पोलक्यांचं कापड महिनाभर बेतायचं राहिलं होतं आणि नवरा घोडीसाठी चारपदरी शिवण घालत होता. "मला एक पदर बी चालला असता," असं ती म्हणायची.

पहिली शर्यत कोपरगावच्या बाजूला एका खेड्यात, तिथल्या यात्रेतली. रंगनाथ पहाटेच मास्तरणीला टेम्पोत घालून निघाला. नवी पँट, स्वतःच शिवलेली, घोड्यावर बसायला ढुंगणाकडं दुहेरी कापड लावलेली. बाकीची घोडी उंच, चकाकणारी, नुसती जागच्या जागी नाचत होती. अंगद नावाचा एक जवान तिथला नामांकित स्वार. त्याचा पांढरा घोडा मास्तरणीपेक्षा वीतभर उंच होता. अंगदनं एकदा मास्तरणीकडं बघितलं, एकदा रंगनाथकडं बघितलं आणि हसू दाबून म्हणाला, "भाऊ, ओळीच्या कडंला ऱ्हावा. धूळ लई उडंल."

फक्कीनं आखलेल्या ओळीवर अकरा घोडी उभी राहिली. निशाण पडलं. दहा पळाली.

मास्तरीण उभीच.

रंगनाथनं टाचा मारल्या. टाचा कसल्या, सवयीनं मशीनच मारलं त्यानं, डावा-उजवा, डावा-उजवा. घोडीनं कान सुद्धा हलवला नाही. तिनं मान वळवून मागं बघितलं, पुन्हा पुढं बघितलं आणि एक पाय दुमडून निवांत उभी राहिली. तिकडं पांढरा घोडा शेवटच्या ओळीपार गेला, बक्षीस सुद्धा पुकारलं. लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "बेलापूरच्या पाहुण्यांना विनंती, शर्यत संपलेली आहे." सगळं रान हसलं. रंगनाथ खाली उतरून तिला ओढायला लागला, तर ती त्याच्या खांद्याला चावली.

संध्याकाळी तो चाचांच्या ओट्यावर जाऊन बसला. हसीनाचाचींनी खांद्याला हळद लावली. घडलं ते सगळं चाचांनी डोळे मिटून ऐकलं.

"शीट किती हुते?" त्यांनी विचारलं.

"शीट? चाचा, शर्यत हुती ती. मी एकटाच हुतो."

"मग ती कशी निगंल?"

रंगनाथला काही उमगेना; तो चढायचा तो नेहमी चौथाच, आणि तो चढला की टांगा सुटायचा. चाचांनी त्याला नीट समजावून सांगितलं. टांगा चार शीट भरल्याशिवाय स्टँडवरून हलत नसे. एकेक माणूस चढलं की टांगा एकदा हलायचा, धक्का घोडीच्या पाठीला कळायचा. मास्तरीण ते धक्के मोजायची. तीन झाले आणि चाचांनी कितीही हाकललं तरी निघायची नाही, चौथा बसला की न सांगता पळायची. "मानूस फसवंल, ती फसवायची न्हाई," चाचा म्हणाले. "तू एकटा चढला. एक धक्का. ती बाकीच्या तिघांची वाट बगत हुती."

चाचांनीच उपाय सांगितला. पाठीवर बसायचं, हा एक शीट. मग मागच्या बाजूला पुठ्ठ्यावर तळहातानं तीन थापा घालायच्या, सावकाश, एकेक माणूस चढल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी प्रवरेच्या काठच्या पडीक रानात रंगनाथनं तसं करून बघितलं. तिसरी थाप पडली आणि मास्तरीण अशी निघाली की याची टोपी मागं राहिली. थांबता मात्र येईना. शेवटी नदीचं पाणी आलं, तेव्हा ती थांबली आणि रंगनाथ पाण्यात गेला. भिजून, एक चप्पल गमावून तो घरी आला. सविता दारात उभी होती. ती आता बोलणार म्हणून त्यानं मान खाली घातली, तर ती म्हणाली, "पळाली व्हय?" त्या दिवसापासून सविताही त्या घोडीची झाली.

दुसरी शर्यत जवळच्याच गावातली, म्हणून बेलापूरची बरीच मंडळी आली होती. निशाण पडायच्या आत रंगनाथनं दोन थापा मोजून घातल्या आणि तिसरी निशाणासाठी राखून ठेवली. लोक हसले. पण निशाण पडलं आणि हसणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. मास्तरीण बुटकी खरी, पण अकरा वर्षं टांगा ओढून तिची छाती भात्यासारखी झाली होती, आणि आज मागं काहीच नव्हतं. उंच घोडी एकेक करून मागं पडली. पुढं फक्त दोन राहिली. रंगनाथला वारा कानात ऐकू येत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे पाय चालत होते आणि तो पुढंही जात होता.

तेवढ्यात गर्दीत कडूबाई दिसली. कडूबाई म्हणजे भाजीवाली म्हातारी, दर शुक्रवारी दोन पाट्या घेऊन टांग्यानं बाजाराला जाणारी. आपल्या गावची घोडी पुढं बघून तिला राहवलं नाही. तिनं हात वर केला.

मास्तरणीनं शर्यत सोडली, वळली, कडूबाईच्या समोर जाऊन आडवी उभी राहिली, म्हणजे माणसाला चढायला सोपं पडावं. रंगनाथ मात्र पुढंच गेला, तिच्या मानेवरून, आणि कडूबाईच्या पायाशी जाऊन पडला.

"अरं, मला कुटं न्हाई जायचं," कडूबाई घाबरून म्हणाली.

या वेळी चाचांना काही विचारायची गरज नव्हती. रस्त्याकडेला हात वर झाला की थांबायचं, हे टांग्याच्या घोडीला कुणी शिकवावं लागत नाही. आणि शर्यत बघणाऱ्या माणसाला हात वर करू नको, हे कुणी शिकवू शकत नाही. रंगनाथनं डोळ्यांच्या कडेला लावायला झापडं शिवून बघितली. मास्तरणीनं ती खाल्ली.

चैत्रात बेलापूरची स्वतःची यात्रा होती. तोवर चाचांची नजर फारच उतरली होती. ताटातली भाकरी दिसायची, कालवण दिसायचं नाही. माणूस आवाजावरून ओळखायचे. उन्हात तर नुसतं पांढरं दिसायचं. रंगनाथ रोज संध्याकाळी मास्तरणीला त्यांच्या ओट्याशी न्यायचा. ते तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बसायचे, पण शर्यतीचं विचारायचे नाहीत. न विचारणंच रंगनाथला जास्त लागायचं. पुढच्या चैत्रापर्यंत त्यांना काय दिसणार होतं? दाखवायचं तर हीच शर्यत.

मग त्यानं एक गोष्ट केली. मापाची वही काखेत मारून तो घरोघर फिरला. वहीत ज्याचं माप होतं, त्या प्रत्येकाला जाऊन सांगितलं, शर्यतीच्या दिवशी हात वर करायचा नाही. कारणही सांगितलं. चाचांच्या टांग्यात बसला नाही असा माणूस गावात नव्हता. कुणी बाळंतपणाला त्याच टांग्यातून गेली होती, कुणी नवरी होऊन त्याच टांग्यातून आली होती. कुणी नाही म्हणालं नाही. तिन्ही मास्तरणी निवृत्त झाल्या होत्या, त्यांनी आपापल्या गल्लीची जबाबदारी घेतली. यात्रेच्या लाउडस्पीकरवर वैजनाथ होता, त्यानं सकाळपासून दर अर्ध्या तासानं पुकारलं: "बेलापूरकरांनो, हात खाली. ज्याचा हात वर जाईल त्यानं गावाला तोंड दाखवू नये."

चार वाजता शर्यतीच्या रानात सारं गाव जमलं, आणि असं गाव कुणी कधी बघितलं नसेल. बायांनी हात पदरात गुंडाळले होते. बापये हात मागं बांधून उभे होते. काहींनी खिशात घातले होते, दोघा भावांनी एकमेकांचे धरून ठेवले होते. कडूबाईनं तर हात सरळ खाली दाबून त्यांच्यावर बसकण मारली होती. शिट्टी नाही, आरोळी नाही. बाहेरगावची मंडळी बुचकळ्यात पडली. अंगद पांढरा घोडा घेऊन आला होता, तो रंगनाथच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "गावात कोन गेलं का, भाऊ?"

चाचांची खुर्ची रंगनाथनं स्वतः मांडली. शेवटच्या ओळीच्या तीस पावलं अलीकडं, लिंबाच्या सावलीत. ओळीशी घोडी आवरायला लागतात, इथं ती पुऱ्या जोरात असतात, म्हणून मुद्दाम इथं. चाचांनी नवा पायजमा घातला होता. शेजारी हसीनाचाची बसल्या. मांडून झाल्यावर रंगनाथनं एकदा खुर्चीकडं, एकदा सावलीकडं बघितलं, शिंप्याच्या नजरेनं, आणि माप बरोबर आहे असं त्याला वाटलं. तो निघाला. साऱ्या गावाला त्यानं हातांचं सांगितलं होतं. चाचांना मात्र काही सांगितलं नाही. ज्यांच्या लगामाखाली ती घोडी थांबायला शिकली, त्यांना काय सांगायचं?

शर्यत तासभर उशिरा सुटली. यात्रेत नेहमी होतं तसंच. पण त्या तासाभरात ऊन तिरपं झालं आणि लिंबाच्या खालून सरळ खुर्चीवर आलं.

रंगनाथ चढला. एक. मग थापा घातल्या. दोन, तीन, चार. निशाण पडलं.

त्या पळण्याबद्दल रंगनाथ अजून कुणाला नीट सांगू शकत नाही. चहा निवून गेला तरी त्या दिवशी दिपालीलाही त्याला सांगता आलं नाही. एवढंच आठवतं म्हणतो, की कुठंच आवाज नव्हता. हजार माणसं उभी होती आणि कुणी ओरडत नव्हतं, म्हणून फक्त टापा ऐकू येत होत्या. अर्ध्या रानात तिनं बाकीची सगळी घोडी मागं टाकली. पांढरा घोडा तेवढा जोडीला राहिला, मग तोही मानभर मागं पडला. दोन्ही बाजूंना बांधलेले हात, पदरातले हात, खिशातले हात. कडूबाईचे डोळे मिटलेले. सविता दोन्ही हात तोंडावर दाबून उभी. पुढं ओळ दिसत होती. लिंब दिसत होता.

लिंबाखाली चाचा चाचींना विचारत होते, "आली का?"

"आली, आली. फुडं हाय आपली," हसीनाचाची म्हणाल्या.

चाचा खुर्चीतून उठले. समोर नुसतं पांढरं ऊन होतं. त्या उन्हात कुठंतरी त्यांची घोडी मोकळी पळत होती, आणि ती बघायची म्हणून त्यांनी उजवा हात उचलून कपाळावर आडवा धरला.

मास्तरीण थांबली.

रंगनाथ खाली पडला, पण या वेळी त्याला ते कळलं सुद्धा नाही. कोपरं सोलवटली होती. बाकीची घोडी शेजारून धाडधाड निघून गेली, धूळ उडाली, धूळ बसली. मास्तरीण चाचांच्या समोर आडवी उभी होती, चढायला सोपं पडावं म्हणून. गावात एक माणूस हसलं नाही.

चाचांचा हात अजून कपाळावरच होता. मग त्यांनी तो हळूहळू खाली आणला आणि त्याच हाताकडं बघत राहिले.

"मीच रे," ते म्हणाले. "मीच केलं."

"जाऊ द्या, चाचा." रंगनाथ उठून त्यांच्याजवळ गेला. त्याला दुसरं काही विचारायचं नव्हतं. "दिसली का?"

"न्हाई दिसली. ऊन हुतं."

रंगनाथनं खाली बघितलं. माप त्याचंच चुकलं होतं. सावली सरकते, हे शिंप्याला नाही तरी गावात वाढलेल्या माणसाला कळायला पाहिजे होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

चाचांनी चाचपडत मास्तरणीची मान शोधली. तिचा श्वास जोरात चालला होता. त्यांनी तिच्या छातीला कान लावला.

"ऐकली पन," ते म्हणाले. "अकरा वर्सं मागं चाकांचा खडखडाट, रंगा. हिच्या टापा निसत्या कशा वाजत्यात, मला ठावंच नव्हतं. आज ऐकल्या." त्यांनी तिची मान थोपटली. "लई हलकी पळती रे. लई हलकी."

हसीनाचाची पदरानं डोळे पुसायला लागल्या. वैजनाथनं लाउडस्पीकर बंद केला. पहिला आलेला अंगद आपलं बक्षीस घ्यायचं सोडून घोड्यावरून उतरून आला आणि जरा लांब उभा राहिला.

रंगनाथनं लगाम धरून मास्तरणीला ओढलं. ती हलली नाही.

"शीट घेतल्याबिगर न्हाई हलायची," चाचा म्हणाले.

मग रंगनाथ आणि अंगद यांनी मिळून चाचांना उचललं आणि त्या चारपदरी शिवणीच्या खोगिरावर बसवलं. इतकी वर्षं तिच्या मागं बसलेला माणूस पहिल्यांदा तिच्या पाठीवर बसला. एक शीट झाला. कडूबाई पुढं आली आणि मास्तरणीच्या पुठ्ठ्यावर तिनं एक थाप घातली. दुसरी हसीनाचाचींनी घातली. तिसरी घालायला सविता आली. थाप घालताना तिनं डोळे मिटून घेतले होते, कारण त्या घोडीनं तिलाही दोनदा चावलेलं होतं.

चार शीट झाले. मास्तरीण निघाली.

ओळ तीस पावलांवर होती. पण आता शर्यत संपली होती, गावाला आता कशाची भीती नव्हती, आणि दिवसभर बांधून ठेवलेले हात सुटले. आधी एका निवृत्त मास्तरणीनं हात वर केला, मग दुसऱ्या कुणीतरी, मग साऱ्या गावानं दोन्ही बाजूंनी हात वर केले. मास्तरीण पहिल्या हाताशी थांबली. चाचांनी जिभेनं टक् केलं, निघाली. दुसऱ्या हाताशी थांबली. तीस पावलांना अर्धा तास लागला.

चाचांना ते हात दिसत नव्हते. घोडी कुणासाठी तरी थांबतेय तेवढं त्यांना कळत होतं. एकेका थांब्यावर ते त्या बाजूला मान वळवायचे, ओले डोळे मिटून घ्यायचे आणि अकरा वर्षं रोज रस्त्यानं म्हणत आलेले तेच बोल पुन्हा म्हणायचे, "जागा न्हाई बाबा. शीट भरले. मागच्यानं या."